सेंद्रिय वांगी, फवारणीचा पंप आणि हिशेबाची वही

प्रकरण धुळ्यातले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, शेतकऱ्याच्या गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. लिहिणारी मी त्या गटाची हिशेबनीस होते, तेव्हा तटस्थ असल्याचा आव आणत नाही.

पार्श्वभूमी

२०२२च्या दिवाळीनंतर देवपूर भागातल्या आमच्या कॉलनीत २६ घरांनी मिळून भाजीगट सुरू केला. त्यामागे काही अभ्यासबिभ्यास नव्हता. त्या वर्षी एकाच गल्लीत दोन घरांत कॅन्सर निघाला. दोघांनाही तंबाखूचे व्यसन नव्हते. मग दोष द्यायचा कुणाला? तो भाजीवर आला. ‘हल्ली भाजी नाही, औषधच खातो आपण’ हे वाक्य त्या महिन्यात मी इतक्या वेळा ऐकले की मलाही ते खरे वाटायला लागले. मी निवृत्त विज्ञान शिक्षिका. अक्षर बरे आणि हिशेब चोख, म्हणून वही माझ्याकडे आली.

शेतकरी शोधावा लागला नाही. एका शेजाऱ्याच्या सासुरवाडीकडचे आप्पा, गाव धुळ्यापासून १८ किलोमीटरवर. पाच एकर जमीन, विहिरीचे पाणी. तीन एकरांत कपाशी, दोन एकरांत भाजी: भरताची हिरवी वांगी, मेथी, कोथिंबीर, गिलके, पातीचा कांदा. भाजीवर रासायनिक औषध मारणे त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडले होते. त्याचे कारण आमच्या आरोग्याशी जोडलेले नव्हते, त्यांच्या स्वतःच्या आरोग्याशी होते. एकदा कपाशी फवारून आले आणि चक्कर येऊन बांधावरच पडले. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ती बातमी त्यांच्या डोक्यात होतीच. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सांगितले, “निदान घराजवळच्या वावरात तरी नको म्हटलं.”

पहिल्या भेटीत आम्ही चौघे गेलो होतो. शेडमध्ये दशपर्णी अर्काचा, म्हणजे दहा झाडांच्या पाल्यापासून केलेल्या कीडरोधकाचा, निळा ड्रम, शेजारी जीवामृताची टाकी: २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, गूळ, बेसन. वास नाकात बसेल असा. आणि ड्रमच्या वर, खिळ्याला, पाठीवरचा फवारणी पंप टांगलेला. एकच पंप. तो मी पाहिला. कपाशीला कुठला पंप वापरता, हे विचारायचे मला सुचले नाही. वहीत मी त्या दिवशी ‘अर्क, जीवामृत, गाय दोन’ एवढेच लिहिले आहे.

प्रमाणपत्राचे मात्र विचारले. नव्हते. भारतात एखादा माल सेंद्रिय म्हणून विकायचा तर दोन रस्ते आहेत. एक ‘एनपीओपी’, म्हणजे त्रयस्थ संस्थेकडून तपासणी. निर्यातीला तेच चालते. दुसरा ‘पीजीएस-इंडिया’, ज्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो आणि हमी देतो. एनपीओपीत रासायनिकातून सेंद्रियात येण्याचा रूपांतर काळ हंगामी पिकांना दोन वर्षांचा धरतात, बहुवार्षिक पिकांना तीन. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१७च्या नियमांत थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे, फक्त ‘जैविक भारत’चे चिन्ह त्याला लावता येत नाही. म्हणजे कायद्याने आप्पा चुकत नव्हते. आमच्यासाठी सगळा मामला शब्दावर होता.

भाव ठरला बाजाराच्या साधारण दीडपट. पाचकंदीलच्या भाजीबाजारात वांगी ४० रुपये किलो असली की आम्ही ६० द्यायचो. कुणी कुरकुर केली नाही. उत्पादन घटते हे सगळ्यांना पटत होते, आणि ते खरेही आहे. २०१२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या तुलनेत सेंद्रिय शेतीचे उत्पादन पीक आणि परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्क्यांनी कमी भरले होते.

अडचण

वर्षभर छान चालले. शनिवारी सकाळी छोटा हत्ती यायचा, आमच्या ओट्यावर वाटप व्हायचे, भरीत पार्ट्या झाल्या. दुसऱ्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या.

एक म्हणजे वांगी फार देखणी यायला लागली. पहिल्या वर्षी दर किलोत एखादे किडके निघायचेच, आणि आम्ही ते कौतुकाने मिरवायचो: ‘अळीने खाल्ले म्हणजे औषध नाही.’ यंदा अळीच नाही. गटातल्या एका डॉक्टरांना शंका आली. त्यांनी तपासणीचा आग्रह धरला आणि निम्मा खर्च स्वतः उचलला. तीन नमुने पुण्याच्या एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेले: आप्पांची वांगी, आप्पांची मेथी, पाचकंदीलची वांगी. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या, वर चिकटपट्टी, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. तिन्हींचे मिळून तेरा हजारांच्या वर गेले. एवढ्यात महिन्याभराची भाजी आली असती, असे दोघे-तिघे म्हणालेच.

अहवाल आला. मेथीत काही सापडले नाही. आप्पांच्या वांग्यात दोन कीडनाशकांचे अंश होते, क्लोरँट्रानिलिप्रोल आणि अगदी थोडे असिटामिप्रिड. बाजारच्या वांग्यात तीन. आणि इथेच गाडी अडली, कारण पाचही आकडे कायद्याच्या मर्यादेखाली होते. आपण दीडपट पैसे देऊन घेतलेले वांगे आणि बाजारातले वांगे, दोन्ही नियमाप्रमाणे सुरक्षित. दोन्ही औषध लागलेली.

दुसरी गोष्ट माझ्या वहीतली. गट सुरू करण्याआधी आप्पांना अंदाज द्यायचा म्हणून मी प्रत्येक घराला दोन आठवड्यांची भाजी लिहून ठेवायला सांगितले होते. तो कागद वहीत तसाच होता. अहवालाच्या भानगडीत जुने पान उघडले आणि सहज ताळा केला. आठवड्याला सात किलो भाजी आणणारी घरे आता आप्पांकडून चार-साडेचार किलो घेत होती. आम्ही धरून चाललो होतो की उरलेली बाजारातून येते. मी घरोघर विचारले. नऊ घरांत ती येत नव्हती. एका घरी ताई ओट्यावर मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, “ही दोन पोरांसाठी, मॅडम. एवढी महाग, ती मोठ्यांनी कशाला खायची? आमचं ठेच्यावर भागतं.” त्या ताई अशक्तपणाच्या गोळ्या घेत होत्या, हे मला माहीत होते.

वांग्यातल्या दोन अंशांपेक्षा मला या वाक्याने जास्त हलवले. बैठकीत मात्र त्यावर पाच मिनिटेही चर्चा झाली नाही. सगळे आप्पांवर तुटून पडले होते.

आम्ही काय वाचले, काय समजलो

डॉक्टरांनी आणि मी पंधरा दिवस घेतले. सेंद्रिय चांगले की नाही, या एका प्रश्नाच्या पोटात तीन-चार वेगळे प्रश्न असतात, हे आम्हाला तेव्हा उमगले.

पोषणाचे पाहिले तर फरक किरकोळ. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र पाहिले. सेंद्रिय अन्न ठळकपणे जास्त पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. कीडनाशकांचे अंश सेंद्रियात कमी वेळा सापडले, पण सापडले. २०१४ मध्ये ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या गटाने ३४३ अभ्यास जमवले, त्यांना सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी दिसला. ते खाणाऱ्याच्या तब्येतीत किती उतरते, हे त्यावरून कळत नाही.

कॅन्सरचे पान आम्ही दोनदा वाचले, कारण गट त्यासाठीच निघाला होता. फ्रान्समध्ये सुमारे ६९ हजार लोकांवर पाहणी झाली, २०१८ मध्ये ती छापून आली. सर्वांत जास्त सेंद्रिय खाणाऱ्यांत कॅन्सर २५ टक्क्यांनी कमी आढळला. त्याआधी २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत मात्र एकूण कॅन्सर कमी झाल्याचे दिसले नव्हते. शिवाय सेंद्रिय घेणारी माणसे मुळातच जास्त शिकलेली, बऱ्या मिळकतीची, तब्येतीला जपणारी असतात; फायदा त्यातला कशाचा, हे वेगळे काढणे अवघड. ज्या काकूंच्या घरात आजार होता त्यांना हे कसे सांगायचे, यावर आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो.

एक बाजू आमच्या डोक्यातच नव्हती, ती डॉक्टरांनी काढली. सेंद्रिय म्हणजे निर्जंतुक नव्हे. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जिवाणूची मोठी साथ आली, पन्नासहून जास्त माणसे दगावली. तिचा माग एका सेंद्रिय शेतातल्या मोड आलेल्या कडधान्यांपर्यंत गेला, आणि संशय होता मेथीच्या बियाण्यावर. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चे शेणखत घातल्यावर माणसाच्या खाण्याचे पीक काढायला ९० ते १२० दिवस थांबावे लागते. आप्पा जीवामृत कोथिंबिरीवर झाऱ्याने शिंपायचे, आणि ती आम्ही कच्ची भरितावर भुरभुरायचो.

समोरचे पर्याय

बैठक तीन तास चालली. चहा दोनदा झाला.

पहिला पर्याय, आप्पांना सोडायचे. बरीच मंडळी याच बाजूची. फसवणूक ती फसवणूक, मर्यादेखाली असली म्हणून काय झाले? हे मला आजही चूक वाटत नाही.

दुसरा, प्रमाणपत्र असलेला पॅकबंद माल मागवायचा. भाव ऐकल्यावर हा पर्याय आपोआप मिटला. डाळ-तांदूळ ठीक, रोजची पालेभाजी धुळ्यात तशी मिळणार कुठून?

तिसरा, आप्पांना पीजीएस गटात घालायचे. त्याला किमान पाच शेतकरी लागतात. आप्पांच्या शिवारात दुसरा तयार नव्हता. शिवाय त्यांच्या बांधाला लागून त्यांचीच बीटी कपाशी उभी. जनुकीय बदल केलेले बियाणे सेंद्रिय प्रमाणीकरणात चालत नाही. तीन एकर कपाशी मोडा, हे सांगायचा अधिकार भाजीला ६० रुपये देणाऱ्यांना कसा असेल?

चौथा, हा नाद सोडून पाचकंदील गाठायचे, भाजी भरपूर आणायची, नीट धुवायची. डॉक्टरांचे मत याकडे झुकत होते. धुण्यालाही मर्यादा आहे, ती त्यांनीच सांगितली. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतले की वरवरचे बरेचसे जाते. आंतरप्रवाही कीडनाशक गरात गेलेले असते, ते मिठाच्या पाण्यानेही निघत नाही. त्याला उपाय एकच, फवारणी आणि तोडणी यांत लेबलवर लिहिलेले दिवस जाऊ देणे. ते दिवस गेले की नाही, हे बाजारातल्या वांग्यावर लिहिलेले नसते.

या वाक्यातूनच पाचवा पर्याय निघाला. ‘सेंद्रिय’ हा शब्द काढायचा आणि त्याच्या जागी वही मागायची.

काय केले

आधी आप्पांशी बोलणे भाग होते. दोघी-तिघी गेलो. आप्पा पहिल्यांदा चिडले. “ताई, मी फवारं नही. शेजारना वावरमा फवारा चालू व्हता, वारा इकडेच येस, त्याले मी काय करू?” वाऱ्याने औषध येते हे खोटे नाही. पण मी यावेळी खिळ्याकडे बोट दाखवले. कपाशीला हाच पंप का? हाच. धुता का? ‘पाणी फिरवतो.’ असिटामिप्रिड कपाशीच्या रसशोषक किडींसाठीच मारतात, तेव्हा त्या थोड्याशा अंशाचा उलगडा बहुधा तिथेच झाला. क्लोरँट्रानिलिप्रोलचा नाही. ते शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीवरचे औषध, आणि ती वांग्याची हाडवैरीण.

तीन दिवसांनी आक्कांचा फोन आला. ऑक्टोबरमध्ये निम्मा प्लॉट अळीने वाळला होता. दशपर्णी चार वेळा मारून झाली. मागच्या वर्षी किडकी वांगी काढून टाकताना आम्ही तोंडाने कौतुक करायचो आणि वजनातून मात्र वगळायचो. ती तूट त्यांच्या अंगावर पडायची. ‘मग एकदा मारलं. तुम्हाला सांगायची लाज वाटली.’ मी वही काढून पाहिली. खरेच होते. पहिल्या हंगामात ४१ किलो वांगी ‘किडकी, वजा’ या नोंदीखाली माझ्याच अक्षरात होती.

मग ठरले ते असे. आप्पा एक शंभर पानी वही ठेवतील: कुठला वाफा, काय मारले, कुठल्या तारखेला, तोडणी कधी. औषध मारायची वेळ आली तर मारतील, पण आम्हाला त्याच दिवशी कळवतील आणि लेबलवरचे दिवस पुरे होईपर्यंत तो वाफा तोडणार नाहीत. डब्यावरच्या विषारीपणा दाखवणाऱ्या त्रिकोणाचा रंग लाल किंवा पिवळा (म्हणजे जास्त विषारी) असेल तर ते औषध भाजीला नाही. भाजीसाठी वेगळा पंप. त्याचे निम्मे पैसे गटाने दिले. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावायचे, दर आठवड्याला किडके शेंडे खुडून गाडायचे. जीवामृत फक्त मुळाशी, पाल्यावर नाही. किडक्या वांग्यांची तूट निम्मी-निम्मी. आणि भाव दीडपटीवरून बाजारभावाच्या वर दहा टक्के.

या शेवटच्या अटीला आप्पा लगेच हो म्हणाले, याचे आम्हाला नवल वाटले. त्यांचे गणित साधे होते: भाव कमी, पण सगळा माल जाईल आणि निम्मा प्लॉट हातचा जाणार नाही.

काय झाले

२६ पैकी ११ घरे बाहेर पडली. काही रागाने, काही ‘औषधच खायचे तर पाचकंदील जवळ आहे’ म्हणून. १५ राहिली. कॅन्सर झालेल्या घरच्या काकू बाहेर पडलेल्यांत होत्या. त्या माझ्याशी दोन महिने बोलल्या नाहीत. “तुम्हीच आणलंत आम्हाला यात,” एवढेच म्हणाल्या होत्या.

पुढच्या हिवाळ्यात आप्पांच्या वहीत वांग्यावर रासायनिक फवारणीच्या दोन नोंदी झाल्या, मेथी-कोथिंबिरीवर एकही नाही. दुसरी नोंद झाली त्या वाफ्यातली वांगी तीन आठवड्यांहून जास्त तोडली नाहीत. भरताच्या ऐन मोसमात आम्ही बाजारातून वांगी आणली. त्या १५ घरांची सरासरी आठवड्याला साडेसहा किलोपर्यंत परत आली. ठेच्यावर भागवणाऱ्या ताई आता स्वतःच्या ताटातही भाजी वाढून घेतात की नाही, हे वहीत दिसत नाही. त्यांच्या घरी येणारी भाजी दुप्पट झाली, एवढे दिसते.

पुन्हा तपासणी केली नाही. खर्च परवडला नाही. त्यामुळे वहीतल्या नोंदी खऱ्याच आहेत याची खात्री मला देता येणार नाही. मात्र दर महिन्याला कुणीतरी एक जण न सांगता शेतावर जाऊन येतो.

आप्पांचा कपाशीचा पंप तसाच आहे. फरक इतकाच की आता ते मास्क आणि हातमोजे घालून फवारतात, तेही आक्का समोर उभ्या असल्या तर. सेंद्रियाचा सर्वांत उघड फायदा कुणाला, तर ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याला. आणि त्याच्या पाच एकरांतले तीन एकर आमच्या चर्चेत कधी आलेच नाहीत.

पुन्हा करायचे तर

पहिल्याच भेटीत पंपाबद्दल विचारले असते. एका प्रश्नाचे काम होते.

तपासणीचा नमुना दुसऱ्या वर्षी नव्हे, पहिल्या महिन्यात पाठवला असता, आणि तोही शेतकऱ्याला सांगून. संशय आल्यावर पाठवलेला नमुना आरोपपत्रासारखा वाटतो. आप्पांचे पहिले उत्तर खोटे निघाले, त्यात याचाही वाटा होता असे मला वाटते. डॉक्टरांना हे पटत नाही. सांगून नमुना घेतला तर त्याला काय अर्थ, असे ते म्हणतात.

किडक्या वांग्यांचे पैसे सुरुवातीपासून वाटून घ्यायला हवे होते. अळी चालेल म्हणायचे आणि अळीचे वजन कापायचे, हा व्यवहार आम्ही वर्षभर केला आणि तो कुणालाच खटकला नाही.

आणि पहिल्या बैठकीत काकूंसमोर कुणीतरी सांगायला हवे होते की, भाजी बदलल्याने तो आजार टळला असता असे कुणी छातीठोक म्हणू शकत नाही. डॉक्टर त्या बैठकीला आले नव्हते. मी होते, आणि मला ते तेव्हाही अंधुक माहीत होते. पण दारात छोटा हत्ती उभा होता, मेथी ताजी होती, सगळ्यांना काहीतरी केल्याचे समाधान मिळत होते, म्हणून मी वही उघडली आणि त्यांच्या नावासमोर चार किलो लिहिले.